आवसची आई

शिवप्रिया त्या दिवशी नुसती दळण आणायला गेली होती. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. नळदुर्गात त्या दिवसांत सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पदर. गिरणीत लाईट नव्हती. ज्वारीचे डबे रांगेनं मांडून बायका भिंतीच्या सावलीला टेकल्या होत्या. लाईट आली, पट्टा फटकन फिरला आणि शिवप्रिया जागच्या जागी उडाली. बायकांना हसायला निमित्त मिळालं.

"अगं, गिरणीय ती, वाघ न्हाय," एक म्हणाली. "रुद्रम्माची भाची ना तू? दिवसभर घरात बसून काय करायलीस गं त्या कंप्युटरवर?"

"परदेशातल्या लोकांच्या वंशावळी शोधून देते."

"आन् त्यांला सोताच्या म्हायीत न्हाईत व्हय?"

पुन्हा हशा. शिवप्रियाही हसली आणि पिठाचा गरम डबा छातीशी धरून घराकडं निघाली.

काम खरंच तसंच होतं. इतिहासात एमए करून ती घरी बसली होती, तेव्हा उमरग्याच्या श्रीशैलदादानं तिला तो स्वतः होता त्या पुण्याच्या कंपनीत चिकटवलं होतं. घरी बसून काम. सध्या कॅनडातल्या एका म्हातारीचं कूळ तिच्याकडं होतं. धागा मागं मागं जात इंग्लंडातल्या एका सरदारकन्येपाशी येऊन थांबला होता. तिचं नाव आव्हिस. साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वीची बाई. बाप ह्यू नावाचा सरदार, हे नक्की होतं. सात वर्षांची असताना आव्हिसचं लग्न लागलं, ती दुसऱ्याच्या गढीत राहायला गेली, आणि विशी गाठायच्या आत बाळंतपणात गेली. म्हातारीला त्याच्याही मागं जायचं होतं. आव्हिसची आई कोण, तिची आई कोण, असं.

त्या काळच्या कागदांत बाई सापडणं अवघड. सरदार मेला की त्याच्या जमिनीला वारस कोण, याची चौकशी होऊन लिहिलं जायचं. त्यात बाई असायची ती कुणाची तरी लेक म्हणून, नाहीतर कुणाची तरी बायको म्हणून. ह्यूच्या एका जुन्या दानपत्रात त्याची बायको अलीना होती. पुढच्या कागदांत बायको मार्जरी. शिवप्रियाला यात अडखळण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. माहेरचं नाव अलीना, सासरचं मार्जरी. तिनं दोघींची एकच बाई करून तक्त्यात लिहिलं होतं: आव्हिसची आई, मार्जरी.

रुद्रम्मा आत्याला तिनं आव्हिसचं नाव सांगितलं, तेव्हा आत्यानं डोळे मोठे केले होते. "आवस? पोरीचं नाव आवस ठिवत्यात व्हय? उद्या कुणी पुनव ठिवल, कुणी गिराण!"

तेव्हापासून घरात तिचं नाव आवसच पडलं.

*

ती दळण घेऊन आली तेव्हा दिवस कलला होता. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं घर शेवटचं. दोन खोल्या, शहाबादी फरशी, पुढं लिंबाचं झाड आणि त्यापुढं उघडं रान. हायवेवरचे ट्रक लांबून नुसते घोंगावल्यासारखे ऐकू यायचे. आज मात्र लिंबाखाली एक नंदी बांधलेला होता, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. उंबऱ्याबाहेर पितळी घंटा घेऊन गुंडाप्पा हेळवी बसला होता.

हेळवी म्हणजे घरोघरची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा. गुंडाप्पा दर वर्षी सुगीनंतर कर्नाटकातून यायचा, दारात घंटा वाजवायचा, घराण्याचे पुरुष मुळापासून म्हणायचा आणि सुपातली ज्वारी झोळीत घ्यायचा.

"नंदी चालत आणला का वो, गुंडाप्पा?" आत्या सूप घेऊन दारात आली.

"कुठलं चालत, अव्वा. टेम्पोत बसून आला. आता चाल म्हनलं तर माझ्याकडं बघतंय, म्हणतंय तूच चाल."

मग त्यानं घंटा वाजवली आणि डोळे मिटून सूर लावला. "मूळ पुरुष ईरण्णा... ईरण्णाचा गौरीशंकर... गौरीशंकराला दोन. लेक रुद्रम्मा, हिप्परग्याला दिली, माघारी आली. लेक गुरुलिंग, उमरग्यात दुकान मांडलं, बायको आळंदकडून आणली. गुरुलिंगाची लेक शिवप्रिया..."

दरवर्षी शिवप्रिया इथवर ऐकून आत जायची. या वर्षी तिनं विचारलं.

"गुंडाप्पामामा, माझ्या आईचं नाव का येत नाही?"

"येतंय की. 'आळंदकडून आणली' असं म्हणतोय न्हवं म्या?"

"ते गाव झालं. नाव?"

"नाव तुमी ठिवता, अव्वा. गायत्री. तांदळावर लिहून."

"त्याच्या आधीचं?"

गुंडाप्पानं घंटा मांडीवर ठेवली. "ते तिच्या माहेरच्या हेळव्याला ठावं. ते कूळ माझं न्हवं. तो हेळवीबी गेला, आन् त्याची पोरं आता हुबळीत रिक्षा चालवत्यात."

आत्या सूप झटकायला लागली. हा विषय निघाला की आत्या नेहमी काहीतरी झटकायला घ्यायची.

शिवप्रिया दोन वर्षांची असताना तिची आई गेली. फोटो नाही. माहेरचे त्यानंतर कधी आले नाहीत. वर्ष व्हायच्या आत अप्पांनी दुसरं लग्न केलं, आणि पहिलीचा आत्मा दुखावू नये म्हणून नव्या नवरीचं नावही गायत्रीच ठेवलं. तिच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घातला, सवतीचा टाक. शिवप्रियाच्या सगळ्या गुणपत्रिकांवर आईच्या नावापुढं गायत्री लिहिलेलं आहे. ती कुठली गायत्री, हे कुणाला सांगता येणार नाही. शिवप्रियाला एवढंच हवं होतं: आईला तिच्या आईनं काय म्हणून हाक मारली होती, ते एक नाव. बाकी काही नको.

तिचा चेहरा बघून गुंडाप्पानं विषय हसण्यावर नेला. "अव्वा म्हणत होत्या, तुमीबी आमचाच धंदा करता. मग म्हणून दावा की तुमचं विलायती कूळ. हितंच, उंबऱ्यावर. घ्या घंटा."

"म्हण गं," आत्याही म्हणाली. "तुझ्या आवसचं म्हण."

शिवप्रियानं लाजत घंटा घेतली. दिवस बुडत होता. लिंबाची सावली उंबऱ्याला लागली होती. गुंडाप्पाच्याच चालीत तिनं म्हटलं, "सरदार ह्यू... ह्यूची लेक आव्हिस, सात वर्षांची असताना दिली... आव्हिसची आई मार्जरी..."

झाडाखालचा नंदी दावं ताणून मागं सरला. त्याच्या गळ्यातली घुंगरं वाजायला पाहिजे होती. ती वाजली नाहीत.

गुंडाप्पानं तिच्या हातातून घंटा हळूच काढून घेतली. "हे पक्कं हाय का, अव्वा? आईचं नाव?"

"तसंच वाटतंय. का हो?"

"कागदावर चुकलं तर खोडता येतंय. उंबऱ्यावर चुकलं तर जिचं चुकलं ती इचारायला येती." तो उठला. नेहमी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस झोळी खांद्यावर टाकून नंदीचं दावं सोडायला लागला. जाता जाता वळून म्हणाला, "नाव म्हणजे हाक असती. कुणी ना कुणी ओ देतंयच."

"काहीतरीच बोलतंय म्हातारं," आत्या म्हणाली. "आपल्यात भुतं नसत्यात. आपण गेलो की लिंगात मिळतो. चल, दिवा लाव."

*

त्याच संध्याकाळी पहिल्यांदा तो वास आला. दिवा लावून शिवप्रिया वळली, तर दारातून ओल्या घोंगडीचा वास येत होता. पावसात भिजलेली, कोपऱ्यात टाकून दिलेली घोंगडी कुबट होते, तसा. बाहेर तर माती कोरडी ठाक होती. तिनं दार लावून घेतलं. वास दाराच्या आत आला नाही, उंबऱ्यापाशीच थांबला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पावलं ऐकू आली. अनवाणी, लहान, फरशीच्या पायरीवर. एक पायरी चढून थांबायची. दार उघडलं की कुणी नसायचं. शिवप्रिया मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातलं पडायचं. पण या पावलांना ती एकदम किंचाळली नाही. ती फार दबकत यायची, नव्या घरात आलेलं पोर यावं तशी. कुठं जायचं, कुणाला विचारायचं, माहीत नसल्यासारखी.

पुढं आवाज आला.

आत्या चुलत्याच्या घरून आलेल्या करडईच्या भाजीची पानं निवडत होती. शिवप्रिया लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. दाराच्या बाहेरून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, कुणीतरी हळूच म्हणालं, "मोडर..."

आत्यानं मान वर केली. "काय मोडलं गं?"

शिवप्रियानं लॅपटॉप मिटला. म्हणजे आत्यालाही ऐकू आलं होतं.

"मोडर..." पुन्हा.

"कोण हाय? काय मोडलंय?" आत्या दरडावून म्हणाली आणि उठून दारापर्यंत गेली. बाहेर रान, रस्ता आणि लांबवर किल्ल्याच्या बुरुजामागं विझत चाललेला उजेड. "कुणाचं पोरगं काय मोडून पळालं, देव जाणे," ती म्हणाली. पण परत येऊन बसताना तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं.

जुन्या इंग्रजीची शब्दसूची शिवप्रियाला कामासाठी दिलेली होती. त्या काळी पोरं आईला काय म्हणत, ते तिला ठाऊक होतं.

आव्हिस मेली तेव्हा मोठी होती, पोटुशी होती. पण आईला शोधत यायचं तर माणूस त्याच वयाचं होऊन येणार, जेव्हा ताटातूट झाली. सात वर्षांचं.

*

श्रीशैलदादाचा फोन आला दुसऱ्या सकाळी. शिवप्रियानं हातातला कप आधीच खाली ठेवला होता, म्हणून तो फुटला नाही.

"अगं शिवे, काय करून ठेवलंयस हे? ही अलीना आणि मार्जरी एकच कशी?"

"माहेरचं नाव अलीना असेल, दादा. लग्नात बदललं असणार."

तिकडं तो असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बदललं? तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं लिहून? अगं बाई, तिकडं आडनाव बदलतं. नाव कशाला बदलतील? जे बारशाला ठेवलं ते सरणापर्यंत. म्हणजे थडग्यापर्यंत."

"मग..."

"मग दोन बायका. अलीना पहिली, ती मेली. मार्जरी दुसरी. मार्जरी मेल्यावर तिची जमीन भावाच्या पोराला गेलीय, वाचलं नाहीस? आव्हिस तिची लेक असती तर जमीन आव्हिसच्या पोरांना नसती गेली का? मार्जरीला मूलच नव्हतं. ती आव्हिसची सावत्र आई. ही चूक जगात दुसरं कुणी करणार नाही, नळदुर्गातच होऊ शकते." तो अजून हसत होता. "दुरुस्त कर आणि पाठव."

फोन बंद झाला. शिवप्रिया पडद्याकडं बघत बसली. मेलेली आई आणि तिच्या जागी आलेली बाई, दोघींना एका नावात कोंबून टाकलं होतं. कुणी? तिनं. जिच्या स्वतःच्या गुणपत्रिकेवर तेच केलेलं होतं, तिनं.

तक्त्यात तिनं लगेच बदल केला. अलीनाला वेगळी केली, आव्हिसला तिच्याखाली आणलं. मार्जरीपुढं लिहिलं, निपुत्रिक. पण संध्याकाळी वास आलाच. पावलं आलीच. कागदावर खोडून भागणार नव्हतं.

आत्या स्वयंपाकघरात होती. शिवप्रियानं दिवा उचलला, दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली. समोर काहीच नव्हतं. फक्त खालच्या पायरीवरची हवा गार होती.

"सरदार ह्यू," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं म्हणाली. "सरदार ह्यू. ह्यूची लेक आव्हिस. आव्हिसची आई... अलीना. मार्जरी नव्हे. अलीना."

मग कुणीतरी धावत आलं.

रानाकडून, अंधाराच्या बाजूनं. पावलं मोठी होती, बाईमाणसाची, वस्त्र पायात अडखळत होतं तरी थांबत नव्हती. लिंबापाशी धाप लागल्याचा आवाज आला. पायरीवरून लहान पावलं उडी मारून निघाली. पुढं जे झालं ते शिवप्रियाला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. बऱ्याच काळानं पोर कडेवर घेणाऱ्या बाईच्या तोंडून जो आवाज निघतो, तो. त्याला कुठलीच भाषा नसते. मग दोघींचं हसू, आणि तेही लांब लांब जात, बोरी नदीच्या अंगाला विरून गेलं.

दिवा विझला होता. शिवप्रिया रडत होती, पण भीतीनं नव्हे. इतकं सोपं होतं हे. एक बरोबर नाव, आणि आई धावत येते.

*

तिनं आधी आत्याला धरलं.

"आम्ही कुणी इचारलंच न्हाय गं," आत्या म्हणाली. तिच्या हातात झटकायला काही नव्हतं. "नवरी आली, तांदळावर गायत्री लिहिलं, झालं. जुनं नाव घ्यायचं नसतंय. घेतलं तर सासरी मन रमत न्हाय म्हणत्यात. लई गुणाची होती. कानडी बोलायची. तुझी येणी घालताना काहीतरी गुणगुणायची. नाव मात्र... शिव शिव. न्हाय ठावं, पोरी."

मग तिनं उमरग्याला फोन लावला. अप्पा दुकानात होते. फोन दुसऱ्या गायत्रीनं उचलला, जिला ती उमरग्याची आई म्हणायची.

"माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला माहीत आहे का? टाक तुमच्या गळ्यात आहे. त्याच्यावर काही लिहिलंय?"

"टाकावर काय लिहिणार, बाळा. नुसती बाईची मूर्ती. नाक-डोळेबी झिजले आता." ती थोडी थांबली. "माझं नाव हरणा होतं. म्हणजे तू इचारलं न्हायीस, पर सांगते. हरणाबाई. लई वर्षांनी तोंडातून निघालं बघ."

"छान आहे," शिवप्रिया म्हणाली.

"व्हय ना?" उमरग्याची आई म्हणाली, आणि फोन अप्पांकडं गेला.

अप्पा भांड्यांच्या खणखणाटातून ओरडून बोलत होते, आणि प्रश्न ऐकल्यावर खणखणाट तेवढा उरला. "आता एवढ्या वर्षांनी... थांब. लग्नाच्या बोलणीत एकदा ऐकलं होतं. रेवम्मा? न्हाय. इरम्मा असंल. इरम्माच बहुतेक. शिवे, माझ्या ध्यानात न्हाय गं. आठवून सांगतो."

त्यांचा आवाज ओशाळला होता. पाच वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव आठवायला त्यांना वेळ मागावा लागत होता.

"आठवून सांगा," ती म्हणाली. "नक्की सांगा, अप्पा."

*

शनिवारी आत्या बारशाला तामलवाडीला गेली, मुक्कामाला. दुपारभर शिवप्रिया फोनकडं बघत राहिली. अप्पांचा फोन आला नाही. ऊन उतरलं. आत्या गेल्यानं घर मोठं झालं होतं. फ्रिजनं मधूनच हुंकार दिला तरी ती दचकत होती.

इरम्माच बहुतेक, असं अप्पा म्हणाले होते. तेवढे शब्द तिच्या कानात दिवसभर फिरत होते. गुंडाप्पाचं बोलणंही तिला आठवत होतं. पण तिन्हीसांज झाली आणि समोरच्या रानावरून एक बाई आपल्या पोरीला बखोटीला धरून घरी नेताना दिसली, रागवत, ओढत, मधेच थांबून तिचं नाक पुसत. ते बघितल्यावर शिवप्रियाला धीर निघाला नाही.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. घंटा नव्हती. तिनं नुसतंच म्हटलं.

"गुरुलिंगाची लेक शिवप्रिया. शिवप्रियाची आई... इरम्मा."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. हायवेवरून ट्रक गेले. लिंबाचं एक पान पायरीवर पडलं.

मग रानाच्या बाजूनं पावलं आली. ही धावत नव्हती. सावकाश, जड, फार लांबून चालत आल्यासारखी. मधे मधे थांबत होती, घर हेच का, असं बघत असावीत तशी.

शिवप्रियाला बघायचं होतं आणि बघवणार नव्हतं. तिनं देवळीतला कंगवा घेतला, दार उघडंच ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत, दाराकडं पाठ करून बसली. लहान मुली वेणी घालून घ्यायला बसतात तशी, गुडघे जवळ घेऊन. कंगवा खांद्यावरून मागं धरला.

"अव्वा..." ती कानडीत म्हणाली. आई. तिला येणारा तेवढाच शब्द. "बा..." आणि हाही. ये.

पावलं उंबरा ओलांडून आत आली. कपड्याचा जाड, जड आवाज झाला. कुणीतरी मागं बसलं. तिच्या बोटांतून कंगवा अलगद काढून घेतला गेला.

बोटं गार होती. केसांत फिरताना आधी अडखळली, मग सरावली. गुंता आला की केस मुळाशी धरून हळूच सोडवत होती, दुखू नये म्हणून. शिवप्रियाचे डोळे गळायला लागले. कळायला लागल्यापासून कुणी तिचे केस असे धरले नव्हते. आत्याचा हात जड होता. वसतिगृहात तर आपले आपणच. तिनं डोळे मिटून मान मागं सोडली.

तेव्हा तिला वास आला. करडईच्या तेलाचा नव्हे, कुंकवाचा नव्हे. ओल्या घोंगडीचा.

ती ताठ झाली. आव्हिस तर गेली होती. अलीना तिला कडेवर घेऊन गेली होती. मग राहिली ती एकच, जिला याच उंबऱ्यावर तिनं आधी आई म्हटलं होतं आणि नंतर 'नव्हे' म्हटलं होतं.

मांडीजवळचा फोन थरथरला आणि ती इतकी दचकली की कंगवा केसांतच थांबला. अप्पा. तिनं न वळता फोन उचलला, कानाला लावला.

"शिवे, आठवलं गं!" अप्पांचा आवाज कापत होता, आनंदानं की कशानं. "मघाशी दुकान बंद करताना एकदम आठवलं. इरम्मा न्हवं. इरम्मा नावाचं तर त्यांच्यात कुणीच न्हवतं, म्या उगंच बोललो. तुझ्या आईचं नाव..."

कंगवा हलत नव्हता. मागचा श्वासही थांबला होता. शिवप्रियाच्या मानेवर टेकलेली गार बोटं तशीच होती. तीही ऐकत होती. आणि त्या बोटांत, अगदी थोडी, थरथर होती. दारात आलेल्या माणसाला आता बाहेर जा म्हणणार की काय, असं वाटल्यावर यावी तशी.

"अप्पा," शिवप्रिया म्हणाली. "नको. आत्ता नको."

"अगं, पर तूच तर..."

"नंतर सांगा."

तिनं फोन बंद केला आणि फरशीवर पालथा ठेवला.

मग कंगवा पुन्हा चालायला लागला. अगदी वरून, टाळूपासून, सावकाश, टोकापर्यंत.

*

रुद्रम्मा आत्या दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आली, हातात बारशाच्या घुगऱ्या घेऊन. दार सताड उघडं होतं.

"पोरीचं नाव दैवशाला ठेवलं, जुन्या वळणाचं..." म्हणत ती आत आली आणि थांबली. "येणी कुणी घातली गं?"

"चांगली झालीय ना?"

"चांगली हाय की. पर ही आपली तऱ्हा न्हवं." आत्यानं वेणी हातात घेतली. ती डोक्याभोवती फिरवून, मागं घट्ट गुंफून बसवलेली होती. टोकाला रिबीन नव्हती, लोकरीचा जाडाभरडा, न रंगवलेला दोरा होता. आत्यानं तो दोन बोटांनी चोळला आणि बोटं नाकाशी नेली. "ओला हाय गं हा. ही लोकर कुठनं आणलीस?"

फरशीवर पालथा पडलेला फोन थरथरत होता. त्यावर अप्पांचं नाव किती वेळा आलं होतं, ते शिवप्रियानं बघितलं नव्हतं.

"शिवे, फोन वाजायलाय."

"वाजू दे, आत्या."

ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं, लिंबाची सावली उंबऱ्याला लागत होती. शिवप्रियानं दोरा सोडला, केस मोकळे केले, आणि देवळीतला कंगवा घेऊन दाराकडं पाठ करून बसली.